एकाच पेटीत दोन जाती: औषधाने बरा होतो, परत ठेवला की पुन्हा खंगतो

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. काचेची पेटी ऐसपैस, दिवा नवा, खाणं वेळेवर. आत दोन वेगवेगळ्या जातींचे सरपटणारे प्राणी, महिनोन्‌महिने एकदाही भांडलेले नाहीत. त्यातला एक टुणटुणीत असतो. दुसरा खात नाही, खाल्लं तर अंगी लागत नाही. शेपटीचं मांस उतरलेलं, कात तुकड्यातुकड्यांनी निघते, दिवसभर एका कोपऱ्यात दबून बसलेला. पशुवैद्याकडे नेलं, औषध झालं, पंधरा दिवसांत तब्येत सुधारली. परत पेटीत सोडला आणि महिन्या-दीड महिन्यात पहिले पाढे पंचावन्न.

तुमच्याकडे हे दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा होत असेल तर औषध बदलण्याआधी शेजार तपासा. माझं मत आधीच सांगून टाकतो: घरातल्या पेटीत दोन वेगळ्या जातींचे सरपटणारे प्राणी एकत्र ठेवू नयेत. पण नुसतं ‘ठेवू नका’ म्हणून कुणी ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं. त्यामुळे नेमकं काय बिघडतं आणि ते आपल्याच पेटीत कसं पकडायचं, ते सविस्तर लिहितो.

माझ्या पेटीत काय चाललं होतं

माझ्याकडे लेपर्ड गेको या ठिपकेदार पालीची एक मादी होती, वजन ६१ ग्रॅम. तिच्या पेटीत मी सहा महिन्यांचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे ऑस्ट्रेलियातला एक मोठा सरडा, सोडला. पेटी १२० सेंटीमीटर लांब, ६० रुंद. दोघेही कोरड्या मुलखातले, दोघेही किडे खाणारे, एक दिवसा जागा तर दुसरी संध्याकाळनंतर. वेळा वेगळ्या, म्हणजे एकमेकांच्या वाटेत येण्याचं कारणच नाही, असा माझा हिशोब.

आठ आठवड्यांनी ती ४६ ग्रॅमवर आली. विष्ठेत रातकिड्यांचे पाय आणि पंख जसेच्या तसे निघत होते. पशुवैद्यांनी विष्ठा तपासली, थोडे जंत सापडले, औषध दिलं आणि सांगितलं की औषध चालू असेपर्यंत हिला वेगळी ठेवा, म्हणजे विष्ठेवर लक्ष ठेवता येईल. वेगळ्या डब्यात ती चौथ्या दिवसापासून खायला लागली. दोन आठवड्यांत ५२ ग्रॅम. मी म्हटलं, जंत होते, गेले. परत मोठ्या पेटीत ठेवली. पाच आठवड्यांत ४७.

दुसऱ्या वेळी मी रात्रभर कॅमेरा लावून ठेवला, आणि जे दिसलं ते पाहून मला स्वतःचीच लाज वाटली. तिची उबदार कपार दिव्याखालच्या दगडी फरशीच्या पोटात होती. संध्याकाळी दिवा बंद झाला की फरशी दोन-तीन तास ऊब धरून राहते, आणि नेमकी तीच तिची फिरायची वेळ. पण ड्रॅगन झोपायला यायचा तो त्याच कपारीच्या तोंडाशी, अंग पसरून. ती आतून तोंड बाहेर काढायची, त्याच्या कुशीला नाक लागलं की मागे सरायची. एकदा, दोनदा, पाचदा. तो झोपलेलाच. त्याने तिला ना चावा घेतला, ना फटका मारला. मध्यरात्रीनंतर ती कशीबशी बाजूने सटकून बाहेर यायची आणि परत आत जायची हिंमत होत नसल्यामुळे थंड टोकाला, २३-२४ अंशांवर, सकाळपर्यंत बसून राहायची. पोटात किडे असले तरी ते पचवायला ऊब नाही.

औषधाने जंत गेले असतीलही. वजन वाढलं ते वेगळ्या डब्यामुळे. औषध आणि एकांत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्या होत्या आणि मी श्रेय औषधाला देऊन मोकळा झालो होतो. ही गफलत इतक्या जणांची होते की मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: ‘बरा झाला तेव्हा तो होता कुठे?’

भांडण दिसत नाही, कारण भांडण उबेचं असतं

आपण सस्तन प्राण्यांच्या नजरेने बघतो. खाण्यावरून गुरगुरणं, अंगावर धावून जाणं म्हणजे भांडण. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीरात स्वतःची पुरेशी ऊब तयार होत नाही. पचन, हालचाल, रोगाशी झुंजणं, सगळं बाहेरून मिळणाऱ्या उबेवर चालतं. त्यामुळे पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे दिव्याखालची वीतभर जागा. ती ज्याच्या ताब्यात, त्याची तब्येत चांगली. बळी तो कान पिळी हा कारभार इथे एक नखही न लावता चालतो. मोठा प्राणी नुसता बसून राहिला तरी पुरतं.

म्हणूनच ‘दोघे एकमेकांवर चढून शेकत बसतात, किती प्रेम आहे बघा’ असा फोटो पाहिला की मला काळजी वाटते. वरचा खालच्याचा प्रकाश आणि ऊब अडवत असतो. खालचा हलत नाही, कारण हलला तर तेवढीही जागा जाईल. फोटो काढायचाच असेल तर तासातासाने काढा आणि वर कोण असतो ते बघा. दर वेळी तोच निघेल.

सतत दबून राहिलेल्या सरड्याच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक चढलेलं राहतं. थोडा वेळ चढलं तर उपयोगी, आठवडेच्या आठवडे चढलं तर प्रतिकारशक्ती खचते. मग जे जंत एरवी पोटात निमूटपणे राहिले असते ते उचल खातात, कात अडकते, तोंडात संसर्ग होतो. पशुवैद्यांना दिसतो तो हा शेवटचा टप्पा, आणि उपचारही त्याच टप्प्यावर होतात.

‘पण निसर्गात तर एकत्रच राहतात’

राहतात, पण तिथे पळायला वाव असतो. फ्लोरिडातल्या हिरव्या अनोल सरड्यांचं उदाहरण घ्या. तिथल्या काही लहान बेटांवर १९९५ मध्ये संशोधकांनी तपकिरी अनोल सोडले. हिरव्यांनी काही महिन्यांतच खालच्या फांद्या सोडल्या आणि झाडांच्या शेंड्यांकडे सरकले. पुढच्या १५ वर्षांत, साधारण २० पिढ्यांत, त्यांच्या बोटांखालच्या चिकट गाद्या मोठ्या झाल्या, कारण वरच्या बारीक, गुळगुळीत फांद्या धरायला त्याच लागतात. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दोघेही तळहाताएवढे, दोघेही किडे खाणारे, दिसायला भावंडं. एकत्र ‘राहिले’ खरे, पण एकाला घर सोडून शेंड्यावर जावं लागलं. तुमच्या ६० सेंटीमीटर उंचीच्या पेटीत शेंडा कुठे आहे?

कासवांचंही तेच. लाल कानाचं स्लायडर कासव युरोपात पाळीव म्हणून गेलं आणि लोकांनी तळ्यांत सोडून दिलं. १९९७ मध्ये युरोपीय संघाने त्याची आयात थांबवली. फ्रान्समधल्या प्रयोगांत स्लायडर आणि तिथलं मूळचं तळ्यातलं कासव एकाच तळ्यात ठेवले, तेव्हा शेकायच्या चांगल्या जागा स्लायडरनी घेतल्या. मिश्र गटातल्या मूळच्या कासवांचं वजन घटलं आणि मृत्यूही त्यांच्यातच जास्त झाले. हे उघड्या तळ्यात. घरच्या टाकीत शेकायला एकच तरंगती फळी असते.

आकडे जुळत नाहीत

ही बाजू मी लवकर आटपतो, कारण कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर पाच मिनिटांत तुम्हालाच दिसेल. बिअर्डेड ड्रॅगनला शेकायच्या दगडाचा पृष्ठभाग ४० अंशांच्या आसपास लागतो आणि आर्द्रता ३० ते ४० टक्के. लेपर्ड गेकोला उबदार जागा ३२-३३ अंश पुरते. क्रेस्टेड गेको मुळात न्यू कॅलेडोनियाच्या दमट जंगलातला, त्याला २२ ते २६ अंश हवेत, २८ च्या वर तो धापा टाकायला लागतो, आणि आर्द्रता ६० ते ८० टक्के. बॉल पायथन या छोट्या अजगराचं उबदार टोक ३१ ते ३३ अंश, आर्द्रता साधारण ६०. एकाच पेटीत कोरडं आणि दमट दोन्ही करता येत नाही. मधला आकडा धरला तर ड्रॅगनच्या फुप्फुसांना दमटपणा बाधतो आणि क्रेस्टेडची कात बोटांवर अडकून बोटं झडतात. मधला आकडा दोघांनाही चुकीचा.

अतिनील किरणांचंही तसंच. दिवसा शेकणाऱ्या ड्रॅगनला जोरदार युव्हीबी लागतं, नाहीतर ड जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि हाडं वाकतात. गेकोला त्याच्या कितीतरी कमी पुरतं, आणि फिकट, कमी रंगद्रव्याच्या गेकोला तोच दिवा डोळ्यांना त्रास देतो. खाण्यात तर उघडच फरक. हिरवा इग्वाना पानं खाणारा, त्याच्या शेजारच्या सरड्यासाठी टाकलेले किडे तोही गट्ट करतो आणि पुढे त्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. सल्काटा कासव सहाराच्या दक्षिणेकडच्या गवताळ पट्ट्यातलं, त्याला चाराच हवा. लाल पायांचं कासव दक्षिण अमेरिकेच्या दमट भागातलं, फळं आवडीने खाणारं. एका वाडग्यात फळं ठेवली की सल्काटाच्या आतड्यातले चारा पचवणारे जिवाणू बिघडतात आणि जुलाब सुरू होतात. ‘दोन्ही कासवंच तर आहेत’ हे वाक्य मी फार ऐकलं आहे.

निरोगी दिसणारा शेजारी

आता सगळ्यात गंभीर भाग. उबेची स्पर्धा पेटी वाढवून थोडीफार कमी करता येईल. रोगांचं तसं नाही.

एका जातीच्या पोटात वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने राहणारा सूक्ष्मजीव दुसऱ्या जातीला मारू शकतो. एन्टामीबा इन्व्हाडेन्स हा त्याचा नमुना. बरीच कासवं हा अमीबा बाळगून असतात आणि त्यांना काहीही होत नाही, भूक चांगली, डोळे चमकदार. त्यांच्या विष्ठेतल्या अमीबाच्या कोशिका (कवचबंद अवस्था) पाण्याच्या भांड्यात गेल्या आणि सापाने किंवा सरड्याने ते पाणी प्यायलं, की त्याच्या आतड्याला व्रण पडतात, यकृत सडतं, रक्ताची चिकट विष्ठा होते. कासवासोबत साप किंवा सरडा ठेवू नये याला हे एकच कारण पुरेसं आहे. भांडण व्हायची वाट बघायची गरज नाही.

बोआ आणि पायथन ही जोडी लोकांना ‘दोन्ही मऊ स्वभावाचे साप’ म्हणून सुरक्षित वाटते. रेप्टारेनाव्हायरसमुळे होणारा एक आजार आहे, त्यात बोआ वर्षानुवर्षं वरून ठणठणीत दिसू शकतो. तोच विषाणू पायथनला गेला तर लवकरच मान वळणं, तोल जाणं, उलटं पडलं तर सरळ होता न येणं अशी लक्षणं दिसतात. त्यावर इलाज नाही. जमिनीवरच्या कासवांतही असा हर्पीस (माणसांतल्या नागीण रोगाच्या) कुळातला विषाणू आहे. ग्रीक कासव तो बाळगतं आणि हर्मनचं कासव त्याने मरतं.

क्रिप्टोस्पोरिडियम हा पचनमार्गातला सूक्ष्म परजीवी वेगळा लिहायला हवा, कारण त्याची लक्षणं शेजाराच्या ताणासारखीच दिसतात. लेपर्ड गेकोची शेपटी काडीसारखी होते, खाऊनही वाळतो. सापात त्याचाच भाऊबंद जठराची भिंत जाड करतो, अंगाच्या मध्यावर फुगवटा येतो आणि गिळलेलं बाहेर पडतं. कोशिका रोज विष्ठेत येत नाहीत, म्हणून एक तपासणी साफ आली यावर विसंबू नका, किमान तीन नमुने वेगवेगळ्या दिवसांचे द्या. आणि ब्लीचने हा मरत नाही. वाफेची किंवा उकळत्या पाण्याची उष्णता लागते, आणि लाकूड, बूच, माती सरळ फेकून द्यावी लागते.

पेटीत बेडूक ठेवणाऱ्यांसाठी एक ओळ: लाल पोटाच्या बेडकांची आणि बऱ्याच भेकांची कातडी विष सोडते, ते पाण्याच्या भांड्यात उतरतं आणि तेच भांडं सरडा चाटतो.

आता तपासायचं कसं

तुमच्या पेटीतला दुबळा प्राणी शेजारामुळे खंगतोय की दुसऱ्या कशाने, हे ठरवायला साधारण तीन आठवडे लागतात. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एकाच दिवशी चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही. माझं नेमकं तेच झालं.

सुरुवातीला काहीच बदलू नका. एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेला स्वयंपाकाचा वजनकाटा आणा, दोघांचंही वजन घ्या, तारीख टाकून लिहा. डोळ्याला ६१ आणि ५५ यातला फरक दिसत नाही, विशेषतः रोज बघणाऱ्याला तर नाहीच. मग दोन दिवस-रात्र कॅमेरा लावा. जुना फोनही चालतो. बघायचं एवढंच: दिव्याखाली कोण किती वेळ असतो, दुबळा प्राणी दबकत कुठून जातो, आणि खाणं टाकल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कुणाच्या तोंडात जातं. निशाचर प्राणी भर दुपारी उघड्यावर दिसला तर ती ‘धीट झाल्याची’ खूण नसते. लपायची जागा दुसऱ्याने घेतली आहे असा त्याचा अर्थ जास्त संभवतो. दिनचर प्राणी दिवसभर बाहेरच आला नाही, रंग गडद ठेवून बसला, काचेवर पुढचे पाय मारत राहिला, तरी तेच.

त्याच वेळी तापमान मोजा. काचेला चिकटवायच्या गोल डायलवर विश्वास ठेवू नका, ते हवेचं आणि बरेचदा चुकीचं सांगतात. दगडाच्या पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर, कपारीच्या आत तारेच्या टोकाला सेन्सर असलेला प्रोब. दिवा चालू असताना आणि बंद झाल्यावर दोन तासांनी, दोन्ही वेळा.

मग वेगळं करा. दुबळ्याला हलवण्यापेक्षा धिप्पाडाला हलवावं, असं मला वाटतं. दुबळा आधीच ताणात आहे, नवी जागा म्हणजे आणखी ताण. शिवाय जागा तीच, दिवा तोच, कपार तीच राहिली आणि फक्त शेजारी गेला, तर निष्कर्ष स्वच्छ निघतो. तळाला साधा टिश्यू कागद अंथरा म्हणजे विष्ठा दिसेल. दोघांचे नमुने आता वेगवेगळे गोळा करता येतात आणि कोणता जंत कुणाचा हे पहिल्यांदा कळतं. एकत्र पेटीतला नमुना तपासायला देणं म्हणजे दोघांचं मिसळलेलं उत्तर मिळवणं.

पहिले तीन-चार दिवस खाण्याची घाई नको. ऊब आधी, मग पाणी, मग खाणं. थंड अंगाच्या प्राण्याला भरवलं तर अन्न आतच कुजतं. दोन दिवस योग्य तापमानात काढले, पाणी प्यायला, की छोटे रातकिडे दोन-तीन, एवढंच. बळजबरीने तोंडात कोंबू नका, ते काम पशुवैद्यांचं.

तीन आठवड्यांत वजन सलग वाढत गेलं तर उत्तर मिळालं. औषध एकही दिलं नसताना वाढलं तर अगदी पक्कं मिळालं. वजन स्थिर किंवा घटतंच राहिलं, विष्ठा पातळ, खाऊनही वाळतोय, तर शेजार हे एकमेव कारण नाही. क्रिप्टो आणि इतर परजीवींसाठी नमुने द्या आणि तोवर दोन्ही पेट्यांचे चिमटे, भांडी, हातमोजे वेगळे ठेवा. मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त घट झाली असेल, विष्ठेत रक्त असेल, मान वाकडी होत असेल किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तर तीन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी दाखवा.

चावा बसलेला असेल तर जखम स्वच्छ पाण्याने धुवा, सौम्य केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा, माती-वाळू काढून कागद अंथरा आणि पशुवैद्यांकडे न्या. शेपटी तुटली असेल तर पट्टी बांधायची नाही. लेपर्ड गेकोची परत येते, थोडी बुटकी आणि गुळगुळीत. क्रेस्टेडची येत नाही, पण तो त्याशिवाय चांगला जगतो.

अर्धवट उपाय जे टिकत नाहीत

‘दोन दिवे लावले, दोन कपारी केल्या, दोन भांडी ठेवली’ हे मी सगळं करून पाहिलं. दोन-तीन आठवडे बरं चालतं. मग धिप्पाड प्राणी सकाळी एका दिव्याखाली आणि दुपारी दुसऱ्या, असा दोन्हीकडे हक्क सांगतो. शिवाय १२० सेंटीमीटरच्या पेटीत दोन दिवे म्हणजे थंड टोकच उरत नाही, आणि थंड टोक नसलेली पेटी दोघांनाही भाजून काढते.

मध्ये जाळी टाकणं त्याहून वाईट. दोघे दिवसभर एकमेकांना बघत राहतात, हवा आणि धूळ तीच, आणि प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी पेटी.

‘लहानपणापासून एकत्र वाढलेत’ याने काही साधत नाही. लहान आकारात दोघांचं भागतं म्हणून ते शांत असतात. ड्रॅगन ४०० ग्रॅमचा होतो, गेको ६० वर थांबते, आणि मग तोंडात मावेल ते अन्न हा एकच नियम उरतो. किंगस्नेकच्या बाबतीत तर मावण्याचीही अट नको, तो स्वतःएवढ्या लांबीचे साप खातो, साप हे त्याच्या नैसर्गिक अन्नात येतातच. त्याच्यासोबत कुठलाही साप, स्वतःच्या जातीचाही, एका रात्रीपुरताही ठेवू नका.

प्राणिसंग्रहालयातल्या मिश्र दालनांचा दाखला नेहमी दिला जातो. तिथे दालन खोलीएवढं असतं, शेकायच्या जागा प्राण्यांपेक्षा जास्त असतात, आत घेण्याआधी महिनोन्‌महिने विलगीकरण आणि तपासण्या होतात, मागे प्रत्येकासाठी रिकामी पेटी तयार असते आणि कुणीतरी पगारावर दिवसभर नोंदी ठेवत असतं. तेवढं सगळं असूनही जोड्या मोडाव्या लागतात. बाहेरून आपल्याला फक्त काच दिसते.

‘एकटा पडेल’ ही काळजी मनापासूनची असते, तिला मी हसणार नाही. पण आपण पाळतो त्यातले बहुतेक सरडे आणि साप एकांतात राहणारेच आहेत. ऑस्ट्रेलियातले एगर्निया गटाचे काही स्किंक (गुळगुळीत खवल्यांचे सरडे) खरोखर कुटुंब करून राहतात, तेही आपल्याच जातीच्या, आपल्याच रक्ताच्या सोबतीत. ड्रॅगनला गेकोची सोबत लागत नाही. त्याला खोदायला माती, चढायला फांदी आणि शोधून खायला काही दिलं तर दिवस भरतो.

वेगळं केल्यावर

दुसरी पेटी नवीच घ्यायला हवी असं नाही. तीन आठवड्यांच्या तपासणीसाठी झाकणाला भोकं पाडलेला मोठा प्लॅस्टिकचा डबा, खाली थर्मोस्टॅटवर चालणारी हीट मॅट, उलटा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका आणि पाण्याची वाटी एवढ्यात, हलवायची वेळ गेकोवरच आली तर, तिचं नीट भागतं. थर्मोस्टॅट मात्र सोडू नका, उघड्या हीट मॅटने पोट भाजलेल्या पाली मी पाहिल्या आहेत. ड्रॅगनला दिवा आणि युव्हीबी लागतं, तो डब्यात फार दिवस राहू शकत नाही, म्हणून त्याची कायमची सोय लवकर करा.

कामाचा क्रम ठरवून घ्या: आधी निरोगी ठरलेल्याची पेटी, मग संशयिताची, मध्ये हात साबणाने धुवून. न खाल्लेला रातकिडा एका पेटीतून काढून दुसरीत टाकायची सवय मोडा. तो किडा पहिल्या पेटीतल्या विष्ठेवरून चालून आलेला असतो. नवीन येणारा कुठलाही प्राणी मी ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवतो. सापांचे रक्तपिपासू माइट (गोचिडीच्या नात्यातले बारीक जीव) ठिपक्याएवढे असतात, ते पेट्यांमधून चालत जातात. पाण्याच्या भांड्यात बुडालेले काळे ठिपके दिसले की समजावं.

माझ्या गेकोला परत ६० ग्रॅम गाठायला चार महिने लागले. ड्रॅगनची पेटी मी शेजारीच मांडली होती आणि पहिल्या आठवड्यात पुन्हा वजन अडकलं. खाणं ठीक, तापमान ठीक, तरी ती संध्याकाळी कपारीतून बाहेर येईना. जमिनीवर बसून तिच्या उंचीवरून पाहिलं तेव्हा कळलं: दोन काचांतून तो तिला दिसत होता, हनुवटी काळी करून, मान हलवत. दोन्ही पेट्यांच्या मधल्या बाजूला जाड पुठ्ठा लावला. त्याच रात्री साडेनऊला ती बाहेर आली, वाटीतलं पाणी प्यायली आणि कोमट दगडावर पोट टेकून पसरली.